जुनी लुअर घासू नका भो!

राम राम मंडळी! हे बघा काय आहे. लाकडाची मासोळी, बोटाएवढी, पोटाखाली तीन काट्यांचे दोन गळ, तोंडाशी पत्र्याची छोटी जीभ. शेजारच्या आजी बघून म्हणाल्या, "हाई काय शे भाऊ, पोरेसनं खेळनं शे का?"

खेळणं नाही आजी, लुअर आहे. म्हणजे खोटं आमिष. आपल्याकडे तापीवर, गिरणेवर गळ टाकणारे कणकेचा गोळा नाहीतर गांडूळ लावतात, त्यामुळे खान्देशात ही वस्तू फार कुणी हातात घेतलेली नसते, पण अमेरिकेत याचे कलेक्टर ढिगानं आहेत, 1976 पासून त्यांचा देशभराचा क्लब आहे, आणि 2003 मध्ये हॅस्केल मिनो नावाची तांब्याची एक मोठी लुअर लिलावात 1,01,200 डॉलरला गेली. रुपये नाही, डॉलर! ओहायोतल्या रायली हॅस्केलचं ते पेटंट 1859 चं, म्हणजे आपल्याकडे मुंबई-ठाणे रेल्वे धावून जेमतेम सहा वर्षं झालेली.

आता लगेच माळ्यावर चढू नका, सगळ्या लुअरना असा भाव येत नाही, बहुतेक तर अगदी साध्या किमतीला मिळतात. पण कुठली जुनी, कुठली नकली हे ओळखायला शिकलं ना, की खरी मजा तिथंच आहे.

(क्लोजअप: डोळा)

पहिल्यांदा डोळा बघा. चांगल्या कंपन्या म्हणजे मिशिगनची हेडन, इंडियानाची क्रीक चब, यांच्या जुन्या लाकडी लुअरला काचेचे डोळे असायचे, स्वस्त मालाला नुसता रंगाचा ठिपका. पण डोळ्यावरून वय ठरवायची घाई करू नका, कारण काही कंपन्यांनी काचेचे डोळे दुसऱ्या महायुद्धानंतरही वापरले.

(क्लोजअप: गळाचा जोड)

खरं वय इथं सापडतं, गळ लाकडात बसतो तिथं. हेडनचंच घ्या. सुरुवातीला लाकडात धातूची बारीक वाटी बसवून तिच्यात स्क्रू, मग इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली तार, मग दोन तुकड्यांचा जोड, आणि शेवटी वरून बसवलेली पट्टी. हा क्रम डोक्यात बसला की रंग कितीही फसवा असू दे, जोड खोटं बोलत नाही. आणि जोड जुन्या पद्धतीचा पण स्क्रूच्या खाचा ताज्या चकचकीत, रंग वाटीच्या आतपर्यंत उतरलेला, तर समजा कुणीतरी गळ काढून पुन्हा रंगवलंय. दहापटीचं भिंग घ्या, जळगावच्या सराफाकडं असतं तसलं, आणि नोटा तपासायचा निळ्या प्रकाशाचा टॉर्च. अंधारात टॉर्च मारला की नंतर लावलेला रंग बऱ्याचदा मूळ रंगापेक्षा वेगळाच उजळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं आपली मंडळी हमखास घोळ घालतात. जुनी वस्तू सापडली की आधी पॉलिश पेपर! नका रे करू. वार्निशवर बारीक भेगांची जाळी असते ना, ती तशीच राहू द्या. गंजका गळ असेल तर तोही मूळचाच राहू द्या, नवा लावला की किंमत पडली. ओला कपडा सुद्धा नको, मऊ कोरडा ब्रश फिरवला तरी खूप झालं. आणि खोका मिळाला तर फाटका असला तरी टाकू नका, कारण लुअर वापरली जायची आणि पुठ्ठा फेकला जायचा, त्यामुळे काही वेळा खोकाच लुअरपेक्षा महाग जातो.

ठेवायचं कुठं? आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. लाकूड आकसतं, रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि सुरुवातीच्या काळातलं प्लास्टिक असेल तर ते स्वतःच कुजायला लागतं, शेजारच्या चांगल्या लुअरलाही खराब करतं. घरातल्या आतल्या, थंड खोलीत, लाकडी कपाटात, प्रत्येक लुअर वेगळ्या कप्प्यात. आणि ते रबरी गांडूळ मिळतं ना आजकाल, ते चुकूनही जवळ ठेवू नका, त्यातलं रसायन जुना रंग वितळवतं, सकाळी बघाल तर चिकट गोळा.

आपल्या भागात शोधायचं असेल तर अमेरिकन लाकडी मासोळीच्या मागं लागण्यापेक्षा धातूचे स्पून बघा, चमच्याच्या पात्यासारखे. इंग्रज साहेब महसीर पकडायला हेच वापरायचे, बरेचसे इंग्लंडातल्या रेडिचहून यायचे, सुया आणि गळांचं गाव ते. भुसावळसारख्या जुन्या रेल्वेच्या गावात भंगारात पितळी पातं दिसलं तर उलटं करून ठसा आहे का बघा, आणि भंगारवाल्यासमोर चेहरा अगदी कोरा ठेवा, नाहीतर तो भाव तिप्पट करेल.

तुमच्याकडे काही असेल तर कमेंटमध्ये तीन फोटो टाका, पूर्ण लुअर, डोळा, आणि गळाचा जोड. पुढच्या व्हिडिओत गळाची दोरी गुंडाळायची रीळ, पितळीच, आणि तिचा आवाज ऐकवतो.