खण उलटा करून पाहा: व्हिक्टोरियन मेजाची पारख

[दृश्य: ओव्हल ऑफिसची जुनी चित्रफीत, मेजावर स्थिर]

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं हे मेज सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिलंय. ते व्हिक्टोरियन आहे. 'रेझोल्यूट' या ब्रिटिश जहाजाच्या ओक लाकडातून ते घडवलं गेलं आणि राणी व्हिक्टोरियानं १८८० साली राष्ट्राध्यक्ष हेज यांना भेट दिलं. समोर अध्यक्षीय मुद्रा कोरलेलं जे दार दिसतं, ते मात्र मूळचं नाही. पाय घालायची मोकळी जागा झाकण्यासाठी ते फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी करवून घेतलं, आणि बसवलं गेलं १९४५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. पुढे उंची वाढवायला खाली बैठकही आली.

इतक्या निगुतीनं सांभाळलेल्या मेजात एवढे फेरफार. मग दीडशे वर्षं घरांतून, कचेऱ्यांतून आणि लिलावांतून फिरलेल्या साध्या मेजात किती झाले असतील? म्हणून अशा वस्तूची किंमत समोरून बघून ठरवू नये. तिचा दाखला आत असतो: खणाच्या तळाला, कुलपाच्या मागे, पाठीच्या फळीवर.

[दृश्य: मेजाचे तीन भाग सुटे होताना]

राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१. या काळात लिहिण्याच्या फर्निचरचं पेव फुटलं, त्याला टपालानं मोठा हातभार लावला. १० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्ये एका पेनीत देशात कुठंही पत्र जाऊ लागलं. १८३९ मध्ये साधारण साडेसात कोटी पत्रं गेली होती, पुढच्याच वर्षी सतरा कोटींच्या आसपास. पत्रं लिहायला जागा हवी, आलेली ठेवायला खण हवेत, आणि खणांना कुलपं हवीत.

सगळ्यात जास्त दिसतं ते पेडेस्टल डेस्क. त्याचे तीन तुकडे: वरचा भाग तीन खणांचा, त्याखाली दोन पेडेस्टल, म्हणजे कपाटवजा पाय, प्रत्येकी तीन खणांचे. एकूण नऊ. रुंदी चार ते पाच फूट, उंची तीस इंचांच्या आसपास. वरचा भाग पेडेस्टलवर नुसता टेकवलेला असतो, फार तर लाकडी गुट्ट्यांत किंवा दोन-चार स्क्रूंवर अडकवलेला. दोन्ही बाजूंनी खण असलेलं मोठं मेज म्हणजे पार्टनर्स डेस्क. दोघांनी समोरासमोर बसून काम करायचं.

तीन तुकडे सुटे होतात, त्यामुळे एकाचा माथा दुसऱ्याच्या पायांवर चढवणं सोपं. व्यापारी अशा जोडीला 'लग्न लावलेलं' म्हणतात. ते ओळखायचं खणांवरून.

[दृश्य: खण बाहेर काढून उलटा ठेवलेला, जवळून]

नऊच्या नऊ खण बाहेर काढा आणि एका रांगेत पालथे घाला. सगळ्यांचं लाकूड एक हवं, रंग एक हवा, सांधे एकाच हातचे हवेत. चांगल्या इंग्लिश कामात खणाच्या बाजू ओकच्या किंवा महोगनीच्या असतात, जेमतेम आठ-दहा मिलिमीटर जाड. स्वस्त कामात पाइन. कोपऱ्यातला डव्हटेल सांधा, म्हणजे दाते एकमेकांत अडकवून केलेला जोड, हातानं कापलेला असेल, तर दाते किंचित असमान असतात आणि बाजूला सुताराची आखणीची बारीक रेघ राहिलेली असते. दाते आणि खाचा अगदी एकसारख्या रुंदीच्या असतील, तर काम यंत्राचं. पण तेवढ्यावरून नकली ठरवू नका. शतकाच्या शेवटाकडे कारखान्यात असे सांधे होऊ लागले होते. संशय घ्यायचा तो आठ खण हातकामाचे आणि एक यंत्राचा निघाला तर. आणि मागचे सांधे पुढच्यांपेक्षा ताजे, उजळ दिसत असतील, तर मेजाची खोली कुणीतरी कमी केली आहे.

तळाची फळी पाहा. या काळात तिचे रेषे डावीकडून उजवीकडे जातात. आतल्या बाजूनं, तळ आणि बाजू जिथं मिळतात तिथं, पाव वर्तुळाच्या छेदाची बारीक पट्टी असेल, तर ती खास व्हिक्टोरियन खूण.

या तळाला पुढच्या बाजूला फट पडलेली दिसते आणि लोक तिच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात. ते चूक आहे. ही फळी पुढं खाचेत बसवलेली आणि मागं फक्त खिळ्यांनी धरलेली असते. लाकूड आकसलं की ती पुढच्या खाचेतून बाहेर येते. मागचे खिळे काढायचे, फळी पुढं सरकवून खाचेत घालायची, खिळे परत मारायचे. सरस अजिबात लावायचा नाही. चारी बाजूंनी चिकटवलेली फळी पुढच्या उन्हाळ्यात मधोमध तडकते.

दुसरं दुखणं झिजेचं. दीडशे वर्षं खण ओढला-ढकलला की बाजूंच्या खालच्या कडा घासून तिरप्या होतात, ज्या पट्ट्यांवर त्या सरकतात त्यांना चर पडतो, आणि बंद केलेला खण पुढून खाली लोंबतो. उपाय असा: झिजलेली कड रंध्यानं सरळ करा आणि त्याच जातीच्या जुन्या लाकडाची तीन-चार मिलिमीटरची पट्टी, रेषे लांबीच्या दिशेनं ठेवून, सरसानं चिकटवा. आतल्या पट्टीचा चरही तसाच भरा. दोन्हीपैकी एकच दुरुस्त केलं तर नवी कड जुन्या चरात पुन्हा झिजते. शेवटी कडेवर मेणबत्ती घासा. तेल नको, ते धूळ धरतं.

[दृश्य: कुलूप, किल्ली, स्क्रूचं टोक]

खणाच्या दर्शनी फळीची आतली बाजू मुठींचा इतिहास सांगते. बाहेर पितळी कड्या आणि आत बुजवलेलं एकच मोठं भोक, म्हणजे मूळ मूठ लाकडाची गोल होती. हा बदल फार झाला; तो गुन्हा नाही, पण दर त्याप्रमाणे पडायला हवा.

स्क्रू काढून टोक पाहा. बोथट टोकाचा, खाच मधोमध नसलेला स्क्रू जुना. टोकदार स्क्रू इंग्लंडमध्ये रुळले ते बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्डनी १८५४ मध्ये त्याचे हक्क घेतल्यावर. आणि डोक्यावर फुलीची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकातला किंवा त्यानंतरचा, मग विकणारा काहीही म्हणो.

कुलपावर मुकुट आणि 'व्हीआर' (व्हिक्टोरिया रेजिना, म्हणजे राणी व्हिक्टोरिया) ही अक्षरं असतील तर चांगलंच. पण कुलूप एका मेजातून काढून दुसऱ्यात बसवता येतं, म्हणून त्याच्या भोवती जुनी रिकामी भोकं आहेत का ते बघा. ब्रामा या इंग्लिश कुलूपकाराचं कुलूप नळीसारख्या छोट्या किल्लीनं उघडतं; १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिरानं ते उघडून दाखवलं, तेही पन्नासहून अधिक तास झगडून. किल्ली हरवलेलं ब्रामा घेताना हे लक्षात असू द्या. कुलूप फोडू नका; ते काढून जाणकाराकडे द्या, किल्ली करता येते.

पितळी कडीवर किंवा चाकावर शंकरपाळ्याच्या आकाराची नोंदणीखूण सापडली, तर ते नक्षीकाम १८४२ ते १८८३ मध्ये नोंदवलेलं. १८८४ पासून तिच्या जागी नुसता क्रमांक आला. बनवणाऱ्याचं नाव शोधायचं असेल, तर खणाच्या पुढच्या फळीची वरची कड पुसून पाहा. लँकॅस्टरच्या गिलोजचा ठसा तिथंच असतो.

[दृश्य: उंच, अरुंद वेलिंग्टन चेस्ट]

कागदपत्रं ठेवायला वेलिंग्टन चेस्ट: उंच, अरुंद, बहुधा सात खण. उजव्या कडेची उभी पट्टी बिजागरीवर फिरते आणि एकाच कुलपानं सगळे खण बंद होतात. पट्टी वाकली असेल तर खालचे दोन खण कुलूप लावूनही उघडतात, तेवढं तपासावं.

[दृश्य: पितळी कोपऱ्यांची पेटी, काळाघोड्याची आर्मी अँड नेव्ही इमारत]

मुंबईशी थेट नातं आहे ते लष्करी चेस्टचं. अधिकाऱ्याची बदली झाली की सामान निघायचं, म्हणून हे कपाट मधोमध दोन तुकड्यांत सुटं होतं, पाय फिरवून काढता येतात, मुठी लाकडात बुडवलेल्या असतात आणि कोपरे पितळेनं बांधलेले. बरीचशी सागवानी किंवा कापराच्या लाकडाची. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सनं १८९१ मध्ये मुंबईत दुकान काढलं. काळाघोड्याला इमारत अजून उभी आहे. आज चोर बाजारात अशी चेस्ट हवी तेवढी मिळते, त्यातली पुष्कळ अलीकडे केलेली. नखानं तपासा: खऱ्या कामात पितळ लाकडाच्या पातळीत खोदून बसवलेलं असतं, नख अडकत नाही. वरून ठोकलेल्या पत्र्याला कड लागते.

[दृश्य: मेजावरचं चामडं, सोनेरी किनार]

आता मेजाचा माथा. चामडं बहुतेक वेळा बदललेलंच असतं, आणि त्यानं किंमत फारशी उतरत नाही. मूळ चामडं मेंढीच्या कातड्याचा वरचा पातळ पापुद्रा असतो, पेनाच्या दाबानंही फाटणारा. बदलताना जुनं खरवडून काढा, खालच्या फळ्यांतल्या भेगा आधी भरा, नाहीतर त्याच रेषेवर नवं चामडं उसवतं. गव्हाच्या पिठाची खळ घट्ट हवी. पातळ खळीनं चामडं भिजून ताणतं, वाळताना आकसतं आणि किनारीला पांढरी फट उघडी पडते. मधून कडेकडे तळहातानं दाबत जा. कड खाचेत नीट बसली की धारदार सुरीनं एकाच ओढीत कापा.

[दृश्य: चपडा लाखेचे पापुद्रे, स्पिरिट, कापसाचा बोळा]

लाकडावरची चकाकी बहुतेक फ्रेंच पॉलिशची, म्हणजे लाखेची. ती लाख जायची आपल्याकडूनच. छोटा नागपूरच्या पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरचा किडा ती बनवतो. खात्री करायची तर न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. बोटाला चिकट लागलं तर लाख. तसं असेल तर पॉलिशपेपर हातातही घेऊ नका. जुना थर लाखेच्याच ताज्या थरात मिसळतो. एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण अडीचशे ग्रॅम चपडा, रात्रभर विरघळवून, फडक्यातून गाळून. बोळा पिळून, हलक्या हातानं, पातळ थर. पेल्याचा पांढरा वण लाखेतच असतो, तो अशा एक-दोन हातांत जातो. काळा डाग लाकडात उतरलेला असतो. तो पॉलिशनं जाणार नाही.

पावसाळ्यात मात्र हे काम करू नका. हवेतली ओल लाखेत अडकते आणि पृष्ठभाग दुधाळ होतो. पावसाळ्यात घट्ट झालेल्या खणालाही रंधा लावू नका. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये जो खण हलत नाही, तोच जानेवारीत सैल सरकतो. रंधलेला असेल तर खडखडतो. लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत उलटं होतं: हिवाळ्यात घर तापवलं की हवा कोरडी पडते, फळ्या आकसतात, व्हिनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, उचकटतं. तसा फुगा आला तर त्यावर किंचित ओलसर फडकं आणि कोमट इस्त्री ठेवा. खालचा जुना सरस मऊ होऊन पुन्हा धरतो. वर वजन ठेवून रात्रभर सोडा. फेव्हिकॉल भरलात तर पुढच्या कारागिराला तो सांधा सोडवता येणार नाही.

पाठीची पाइनची फळी कीड आधी धरते. दीड-दोन मिलिमीटरची भोकं जुनी असू शकतात. खाली काळा कागद अंथरा आणि काही आठवड्यांनी बघा. फिकट, ताजी भुकटी पडली असेल तर कीड जिवंत आहे, आणि वस्तू घरात आणण्याआधी उपचार हवा.

[दृश्य: जिन्यावरून पेडेस्टल नेताना]

मेज हलवताना खण काढा, खडूनं क्रमांक घाला, किल्ल्या वेगळ्या बांधा. माथा सुटा करा. ओढू नका: पेडेस्टलच्या तळातली चाकं एका बाजूच्या धक्क्यानं मोडतात आणि चौकटीचा सांधा घेऊन जातात. भारतातून परदेशी न्यायचं असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही. तेवढी जुनी नसल्यास पुरातत्त्व खात्याचा तसा दाखला घ्या. ब्रिटनमध्ये विकत घेताना किल्लीच्या भोकाभोवतीची पांढरी चकती हाडाची आहे की हस्तिदंताची, ते पैसे देण्याआधी विचारा. हस्तिदंत असेल, तर तिथल्या कायद्यानं नोंदणी झाल्याशिवाय ते मेज विकताच येत नाही.