विळी रेखाटताना

श्रोतेहो, नमस्कार.

डिझाइनच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षी आमच्या वर्गाला एक गृहपाठ मिळाला होता, आणि आज मी त्या एकाच गृहपाठाविषयी आपल्याशी बोलणार आहे. घरात रोज वापरली जाणारी कोणतीही एक वस्तू निवडायची, तिची पन्नास रेखाटने करायची, प्रत्येक रेखाटनात काहीतरी कमी करत जायचे आणि शेवटी अशा आकृतीपाशी थांबायचे, की जी अडीच सेंटिमीटरच्या चौकोनात केवळ काळ्या शाईने छापली तरी पाहणाऱ्याला वस्तू ओळखता यावी. मुदत तीन आठवड्यांची होती. या प्रक्रियेला अमूर्तीकरण म्हणतात, असे सरांनी फळ्यावर लिहिले, आणि तो भारदस्त शब्द वहीत उतरवून घेताना मला वाटले, की हे काम तीन दिवसांचेच आहे.

वर्गातील बहुतेकांनी कपबशी, छत्री, कात्री, चष्मा अशा वस्तू घेतल्या. मी विळी घेतली. त्यामागे फार मोठा विचार नव्हता. आमच्या पुण्याच्या घरात स्वयंपाक ओट्यावर होतो आणि भाजी सुरीने चिरली जाते, पण ओट्याखाली आजीची विळी अजून आहे, आणि फणस, लाल भोपळा किंवा ओला नारळ घरात आला की ती बाहेर निघते. देशावर काही ठिकाणी तिला मोरळी म्हणतात, गोव्यात आदोळी म्हणतात. एक लाकडी फळी, तिच्यात बसवलेले लोखंडी पाते आणि पात्याच्या टोकाला दातेरी खवणी, एवढाच तिचा संसार. इतकी साधी वस्तू आणखी साधी करायला कितीसा वेळ लागणार, हा माझा हिशोब होता.

पहिली दहा रेखाटने मी मोठ्या हौसेने केली. फळीच्या लाकडाच्या रेषा, पात्यावरचे गंजाचे डाग, दोन खिळे, खवणीचे सतरा दाते, जमिनीवर पडलेली सावली, सर्व काही त्यांत होते, आणि सहा-बी पेन्सिलीने भरलेला तो काळोख पाहून मी स्वतःवरच खूश होते. ते कागद मी आजीला दाखवले. तिने चष्मा लावला, पहिला कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, ‘‘अगं, हिच्यावर नारळ खवायला बसलीस तर ही उलटेल.’’ मी पुन्हा पाहिले. तिचे म्हणणे अगदी खरे होते. पाते रेखाटण्याच्या नादात मी फळी आखूड काढली होती. कागदाच्या कडेशी जागा संपली तिथे माझी फळीही संपली होती. गंजाचा एकेक ठिपका मी टिपला होता, पण ज्या भागावर पाय ठेवून माणूस विळी दाबून धरतो, तो भागच चित्रात नव्हता. विळी मी पाहिली होती, तिच्यावर कधी बसले नव्हते.

त्याच आठवड्यात वर्गात सरांनी दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या दोन्ही मला नेमक्या वेळी मिळाल्या. पहिली गोष्ट पिकासोच्या बैलाची. डिसेंबर 1945 ते जानेवारी 1946 या काळात पॅरिसमधील एका शिळामुद्रण कार्यशाळेत पिकासोने एकाच बैलाच्या एकामागोमाग एक अकरा अवस्था छापल्या. शेवटच्या अवस्थेत मोजक्या रेषांचा बैल उरतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच एक बैल आपल्याला दाखवला जातो. सरांनी मात्र आम्हाला अकराही अवस्था ओळीने लावून दाखवल्या. पहिल्या अवस्थेतला बैल पुढच्या अवस्थांत हलका होत नाही. तो आधी अधिक काळा, अधिक अंगाचा, अधिक जड होतो. त्यानंतर खाटकाने मांसाचे भाग पाडावेत तशा रेषा त्याच्या अंगावर उमटतात, आणि मग कुठे एकेक भाग गळू लागतो. कमी करण्याआधी त्या चित्रकाराने बैलाचे वजन हातात घेऊन पाहिले होते, असे मला ती चित्रे पाहताना वाटले.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने 1958 साली भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला, आणि त्यातून पुढे 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचे गुणगान केले आहे. मला महत्त्वाची वाटली ती त्यांची पद्धत. लोटा किती सुंदर आहे एवढे सांगून ते थांबत नाहीत, तर प्रश्न विचारत जातात. त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर की हातात, भरलेला असताना त्याचा तोल कसा राहतो आणि रिकामा असताना कसा, ओतताना धार कशी पडते, धरणाऱ्या हाताचा आकार आणि बळ किती, आणि एवढेच काय, तो कशावर आपटला तर आवाज कसा येतो. सरांनी ती यादी वाचून दाखवली आणि सांगितले, की आपापल्या वस्तूची अशी यादी झाल्याशिवाय अकरावे रेखाटन कोणीही करायचे नाही.

म्हणून मी आठ दिवस विळीवर भाजी चिरली. सुरुवातीला आईने तक्रार केली, कारण माझी गवार संपेपर्यंत तिची आमटी होऊन जात असे. पण त्या आठ दिवसांत मला ज्या गोष्टी कळल्या, त्या पेन्सिल घेऊन समोर बसून वर्षभरातही कळल्या नसत्या. सुरी चालते आणि भाजी स्थिर असते. विळीवर नेमके उलट, पाते जागचे हलत नाही आणि भाजी दोन्ही हातांनी त्याच्याकडे न्यावी लागते. धार बसणाऱ्याच्या बाजूला असते, म्हणजे हे हत्यार रोखलेले असते ते वापरणाऱ्याकडेच, आणि म्हणूनच हात धारेपासून किती अंतरावर थांबवायचा हे बोटांना शिकावे लागते. पात्याचा बाकदेखील शोभेसाठी नाही. दुधी पुढे ढकलला की तो धारेवर नुसता दाबला जात नाही, तर बाकावरून थोडा सरकतो, आणि दाबून कापण्यापेक्षा सरकवून कापायला बळ कमी लागते. भोपळा चिरताना हे फारच जाणवते. आपल्या भाषेने वैर सांगण्यासाठी विळ्या-भोपळ्याची जोडी का निवडली असेल, याचा विचार मी त्या दिवशी प्रथमच केला. त्या म्हणीत विळा एकटा कधीच येत नाही, समोर भोपळा असावाच लागतो.

यानंतरची रेखाटने वेगळी झाली. मी छायाप्रकाश सोडला, लाकडाच्या रेषा सोडल्या, खिळे सोडले. बटर पेपर एकावर एक ठेवून मी आधीच्या चित्रातली फक्त तीच रेषा पुढे नेत होते, जिच्यावाचून विळीचे काम अडेल. बाविसाव्या कागदाच्या सुमारास दोनच रेषा उरल्या: एक आडवी, एक तिच्यातून वर जाणारी वाकडी. मला ते मोठे यश वाटले. मी ते रेखाटन वर्गातील मैत्रिणींना दाखवले, तेव्हा एकीला त्यात हॉकीची काठी दिसली, दुसरीला पाण्यातून मान काढलेला हंस, आणि तिसरीने ते शिडाची होडी म्हणून ठामपणे सांगितले. दोन रेषांत जगातील कितीतरी वस्तू मावतात, हे मला ठाऊक असायला हवे होते.

मग मी खवणी परत आणली, आणि लगेच दुसरी अडचण उभी राहिली. खवणीचे दाते दिसले की विळी ओळखू येत होती, पण आता लक्ष सारे दात्यांवर जात होते आणि धार हरवत होती. वस्तू जिच्यामुळे ओळखू येते ती खूण वेगळी, आणि वस्तूचे काम जिच्यावर चालते ती रेषा वेगळी, हे या गृहपाठात मला सापडलेले सर्वात अवघड सत्य आहे, आणि माझ्या मते अमूर्तीकरणाचे सारे कसब या दोहोंतील भांडण सोडवण्यातच आहे. खूण ठेवून काम टाकले तर चित्र बिल्ल्यासारखे होते. काम ठेवून खूण टाकली तर ते काढणाऱ्यालाच कळते.

मधल्या काळात मला आजीच्या चैत्रांगणाची आठवण झाली. चैत्रात अंगणात किंवा दारापुढे काढायच्या त्या रांगोळीत सूर्य, चंद्र, शंख, पाळणा, तुळशीवृंदावन, फणी-करंडा, गोपद्मे अशी किती तरी चिन्हे असतात. आजीची फणी म्हणजे दोन आडव्या रेषा आणि त्यांमध्ये उभ्या रेघा. ती हस्तिदंती की लाकडी, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. लक्ष्मीची पावले तर त्याहून थोड्यात होतात: मिटलेल्या मुठीची कड तांदळाच्या ओल्या पिठात बुडवून जमिनीवर टेकवायची आणि वर बोटाने पाच ठिपके द्यायचे. आकाराचे इतके नेमके सार काढण्याची सवय ज्या घरात आहे, त्या घरातली मुलगी कॉलेजात जाऊन अमूर्तीकरण शिकते, याची मला थोडी गंमतही वाटली. पण एक फरक आहे. फणीचे चिन्ह आजीला तिच्या आईकडून तयार मिळाले होते. आमच्या घरच्या चैत्रांगणात विळी काढत नाहीत, त्यामुळे तिचे चिन्ह मला कोणाकडून मिळणार नव्हते.

तोडगा निघाला तो रेषेच्या जाडीत. तोपर्यंत माझे पाते एकाच जाडीच्या रेषेचे होते. ते मी ब्रशने भरीव काढले: पाठीकडे जाड, धारेकडे निमुळते होत गेलेले, आणि धारेची कड अगदी स्वच्छ. तेवढ्याने हंस आणि होडी दोन्ही नाहीसे झाले, कारण हंसाच्या मानेला एका बाजूने धार नसते. फळी मी लांब ठेवली आणि धारेच्या पुढे बरीच मोकळी जागा सोडली. त्या जागेत एकदा अर्धा नारळ काढून पाहिला, पण सर म्हणाले, की आता तू एका वस्तूऐवजी दोन काढल्या आहेस. नारळ गेला, जागा राहिली.

राहिले खवणीचे दाते. कागदावर मोठ्या आकारात सतरा दाते छान दिसत होते, पण आकृती अडीच सेंटिमीटरवर आणून झेरॉक्स काढल्यावर त्यांचा नुसता काळा गोळा झाला. नऊ दात्यांचाही गोळाच झाला. पाच दाते वेगळे दिसले, पण शाई किंचित पसरली की त्यांच्यामधल्या फटी बुजत. शेवटी तीन ठेवले, आणि त्यांच्यामधली फट दात्याहून थोडी रुंद ठेवली. छापखान्यात काम करणाऱ्या माणसांना ही गोष्ट पहिल्या दिवसापासून माहीत असते. मला ती झेरॉक्सच्या दुकानात चार खेपा घातल्यावर कळली.

अट होती की आकृती पाच अनोळखी डोळ्यांना दाखवायची. कोलकात्याहून आलेल्या एका वर्गमित्राने ती क्षणात ओळखली, कारण त्याच्या घरी बोटी असते, आणि बोटी म्हणजे बंगालची विळीच. तिघांना थोडा वेळ लागला पण त्यांनी ओळखले. पाचवी मुलगी शहरातल्या सदनिकेत, उभ्याच्या ओट्यापाशी वाढलेली. तिने आकृती उलटसुलट करून पाहिली आणि सांगितले, की हा तुरेवाला कोंबडा आहे. सगळे हसले, मीही हसले. पण तिचे काही चुकले नव्हते. जमिनीवर बसून चिरण्याची सवयच ज्या घरातून गेली, तिथे माझ्या आडव्या रेषेला फळी कोणी म्हणावे? अशा वेळी आणखी रेषा वाढवण्यात अर्थ नसतो. मी आकृती बदलली नाही, आणि गृहपाठासोबतच्या टिपणात कोंबडा तसाच लिहून दिला.

अंतिम आकृती सादर करण्याच्या आदल्या रात्री मी ती आजीला दाखवली. या वेळी एका पांढऱ्या चौकोनी कागदावर फक्त तेवढीच, तळहाताएवढी मोठी करून काढलेली आकृती होती, नाव नाही, काही नाही. आजी जमिनीवर बसून लसूण सोलत होती. तिने कागद घेतला, समोर फरशीवर ठेवला, आणि काही न बोलता तो असा फिरवला, की धारेची बाजू तिच्याकडे आली. मग फळीच्या अलीकडच्या टोकाशी अंगठा ठेवून म्हणाली, ‘‘अजून दोन बोटे हवी होती.’’

मी दोन बोटे वाढवली. अडीच सेंटिमीटरच्या आकृतीत ती साधारण दोन मिलिमीटर भरली. नमस्कार.