राणीछाप रुपया

(दृश्य : शहाबादी फरशीवर पडणारा चांदीचा रुपया. फक्त आवाज.)

ऐकलात? पुन्हा एकदा ऐका.

(पुन्हा तोच आवाज.)

हा आवाज आपल्या भाषेत कायमचा राहिलाय. खणखणीत नाणं, वाजवून घेणं, सगळं इथूनच आलं. पेढीवरचा सराफ रुपया दगडावर आपटायचा, कान द्यायचा आणि मगच गल्ल्यात टाकायचा. शिशाची भेसळ असली की नाणं बद्द वाजतं.

हा रुपया माझ्या आजीच्या देव्हाऱ्यातला. एका बाजूला मुकुट घातलेली व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या चौकटीत सन, १८६२. आजी याला राणीछाप म्हणायची. यंत्रावर पाडलेला, म्हणून कोणी कलदारही म्हणत.

याचं वजन ठरलं १८३५ साली, कंपनी सरकारच्या काळात. १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच एक तोळा. बारा भागांतले अकरा भाग चांदी. उरलेला एक भाग कमी मोलाच्या धातूचा, कारण निव्वळ चांदी मऊ असते, हातोहात फिरून लवकर झिजते. हे वजन लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं की तोळ्याला ‘रुपयाभार’ म्हणू लागले. तराजूच्या एका पारड्यात रुपये टाकून दुसऱ्यात माल तोलायचा. पैसाही तोच आणि वजनमापही तेच.

पण ज्या नाण्यात खरोखरीची चांदी असते, त्याच्यावर एक संकट कायम टांगलेलं असतं. चांदी महागली की नाण्यापेक्षा त्यातला धातू मोलाचा ठरतो, आणि मग माणसं नाणं खर्च करत नाहीत. घरात दडवतात, नाहीतर वितळवतात.

पहिल्या महायुद्धात हेच झालं. चांदी मिळेना. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. चांदीच्या दुअन्नीची, म्हणजे दोन आण्यांच्या नाण्याची, जागा तांबं-निकेलच्या दुअन्नीने घेतली. रुपया चांदीचाच राहिला, पण त्यासाठी १९१८ मध्ये थेट अमेरिकेकडून चांदी आणावी लागली.

(दृश्य : पंचम जॉर्जचा रुपया, झग्यावरच्या माळेवर भिंग.)

इथे जरा थांबूया. हा १९११ चा रुपया. राजाच्या छातीवरच्या माळेत एक हत्ती आहे. नीट बघा, सोंड आखूड, पाय आखूड. लोकांना तो डुक्कर वाटला, आणि असं नाणं हातात घ्यायला त्यांनी नकार दिला. सरकारला हे रुपये मागे घेऊन वितळवावे लागले. पुढच्या वर्षी हत्तीला ठसठशीत सोंड मिळाली. नखाएवढ्या जागेतली ही चूक, पण तिच्यामुळे आज हा रुपया संग्राहक जिवापाड शोधतात.

दुसरं महायुद्ध आलं आणि १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली. बाकी तांबं, निकेल, जस्त. खोट्या नाण्यांना आळा बसावा म्हणून कडेच्या कंगोऱ्यांच्या मधोमध खोबण घातली. ती बोटाला लागते. जुने, भरपूर चांदीचे रुपये मग एकेक करून चलनातून बाद केले गेले. १९४३ मध्ये तर पैशालाही मधोमध भोक पडलं, कारण धातू वाचवायचा होता. आपले आजोबा त्याला भोकाचा पैसा म्हणत.

(दृश्य : टेबलावर ओळीने रुपये. हातात लोहचुंबक.)

आता हा लोहचुंबक फिरवूया. राणीछाप हलत नाही. १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया टपकन उचलला जातो. तो निकेलचा आहे, त्यात चांदी नावालाही नाही. १९७५ नंतरचा तांबं-निकेलचा रुपया पुन्हा जागचा हलत नाही. आणि १९९२ पासूनचा, तुमच्या-आमच्या खिशातला स्टेनलेस स्टीलचा, लगेच चिकटतो. नाव रुपयाच, पण एका आयुष्यात अंग किती वेळा बदललं!

आता एक कळकळीची विनंती. जुनं नाणं घासू नका. चांदीवरची काळपट झाक म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो पातळ थर चढतो, आणि खालची चांदी जशीच्या तशी असते. चिंच आणि रांगोळीने आपण त्या थराबरोबर छापही घासून काढतो.

(दृश्य : आजीचा रुपया, मागची बाजू, अगदी जवळून.)

१८६२ सन असलेले रुपये एकाच वर्षी पाडलेले नाहीत. तोच सन वर्षानुवर्षं छापत राहिले. पुढचा सन रुपयावर आला तो थेट १८७४ चा. मधल्या वर्षांतल्या कित्येक नाण्यांवर बारीक ठिपके आहेत, मोहरीहूनही लहान. संग्राहक भिंग लावून ते मोजतात आणि नाणं कधीचं असेल याचा अंदाज बांधतात.

आजीने दर लक्ष्मीपूजनाला हा रुपया रांगोळीने लख्ख घासला. मनापासून, श्रद्धेने घासला. मी भिंग धरलं, तेव्हा ठिपक्यांच्या जागी नुसती गुळगुळीत चांदी दिसली. ठिपके होते की नव्हते, आता कोणालाच सांगता येणार नाही.

वाजतो मात्र अजून तसाच.

(रुपया फरशीवर पडतो. आवाज विरेपर्यंत पडदा काळा.)