रात्रभर आपोआप फोटो काढायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं?

नमस्कार मंडळी! दुर्बीण आहे, तिला ताऱ्यांमागे फिरवणारं माउंट आहे, कॅमेरा आहे. आता रात्रभर आपोआप फोटो काढायला सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं? माझं म्हणणं असं, की कशात किती सोयी आहेत ते नंतर बघा. आधी एवढंच विचारा: रात्री दोन वाजता काहीतरी बिघडलं आणि तुम्ही झोपलेले आहात, तर हे सॉफ्टवेअर काय करेल?

निम्मा निर्णय तुमचा कॉम्प्युटरच करून टाकतो. विंडोज असेल तर उपकरणं ॲस्कॉम (ASCOM) ड्रायव्हरवर, म्हणजे त्यांना कॉम्प्युटरशी बोलायला लावणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतात, आणि तिथे निना (N.I.N.A.) हे सॉफ्टवेअर आहे: मोफत, ओपन सोर्स, आणि खरोखर ताकदीचं. गायडिंगसाठी, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सतत सुधारत राहण्यासाठी, त्याच्या जोडीला पीएचडी२ (PHD2), तेही मोफत. लिनक्स किंवा रास्पबेरी पाय वापरत असाल तर इंडी (INDI) ड्रायव्हर आणि केस्टार्स (KStars) या सॉफ्टवेअरमधलं इकॉस (Ekos). लॅपटॉपची कटकटच नको असेल तर एएसआयएअरची (ASIAIR) छोटी डबी मिळते, मोबाइलवरून चालते. फक्त तिच्यासोबत खगोलीय कॅमेरा, फोकसर (फोकस करणारी मोटर), फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारी चकती) त्याच कंपनीचं लागतं, हे आधी मान्य करून मगच घ्या.

आता मुख्य परीक्षा, मेरिडियन फ्लिप. आकाश तासाला १५ अंश सरकतं. तुमचा तेजोमेघ मेरिडियन, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडून पश्चिमेकडे गेला, की जर्मन इक्वेटोरियल माउंटला दुर्बीण दुसऱ्या बाजूला फिरवावी लागते, नाहीतर कॅमेरा ट्रायपॉडच्या पायावर आदळू शकतो. चांगलं सॉफ्टवेअर इथे घड्याळ बघतं. समजा फ्लिपला चार मिनिटं उरलीत आणि तुमचं एक्सपोजर ३०० सेकंदांचं आहे. मग ते नवं एक्सपोजर सुरूच करत नाही. गायडिंग थांबवतं, वाट बघतं, माउंट फिरवतं. मग एक छोटा फोटो काढून त्यातल्या ताऱ्यांची रचना कॅटलॉगशी ताडून बघतं. हेच प्लेट सॉल्व्हिंग. लक्ष्य पुन्हा मधोमध आणतं, गायडिंग चालू करतं आणि मगच पुढचा फोटो. यातली एक पायरी चुकली तर उरलेली अर्धी रात्र वाया! म्हणून या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगते.

दुसरं म्हणजे फोकस. रात्र चढते तशी हवा गार होते, नळी किंचित आकसते आणि तारे फुगायला लागतात. निनामध्ये सांगून ठेवता येतं: तापमान इतकं बदललं, फिल्टर बदलला किंवा ताऱ्यांचा आकार इतके टक्के वाढला, की ऑटोफोकस कर. ठरावीक वेळाने फोकस करण्यापेक्षा मला ताऱ्यांच्या आकारावरचा ट्रिगर जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो प्रत्यक्ष फोटो बघून ठरवतो.

ढग आले की गाइड तारा हरवतो. ढग गेल्यावर गाडी आपोआप रुळावर येते का, हे नक्की तपासा. दुर्बीण दूरच्या वेधशाळेत ठेवणार असाल, तर विकत मिळणाऱ्या व्हॉयेजरचाही विचार करा. माणूस जवळ नसताना चालावं, याच हिशेबाने ते बांधलेलं आहे.

आणि निवड पक्की करण्याआधी एक चाचणी घ्याच. दिवसा, घरात, सगळी उपकरणं जोडा. दुर्बिणीचं झाकण लावलेलंच राहू द्या आणि पूर्ण सिक्वेन्स, म्हणजे रात्रभराच्या कामांची ठरवलेली यादी, सुरू करा. तारे दिसणार नाहीत, त्यामुळे प्लेट सॉल्व्हिंग फसणारच. आता बघत बसा. किती वेळा प्रयत्न करतं? आंधळेपणाने काळे फोटो काढत सुटतं, की थांबतं, माउंट पार्क करतं आणि कॅमेऱ्याचं कूलिंग हळूहळू बंद करतं? मग चालू सिक्वेन्समध्ये कॅमेऱ्याची यूएसबी केबल काढा आणि तेच पुन्हा बघा.