कागदी खेकडा : इंजिन उलगडण्याचं गणित

नमस्कार मंडळी. कागदाचं इंजिन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे धुराडं, गोल बॉयलर आणि वाफेचे ढग उभे राहतात. आज मी त्या वाटेला फारसा जाणार नाही. मी बोलणार आहे खेकड्याबद्दल. सभागृहात जुनी रेल्वेवाली मंडळी असतील, तर त्यांच्या लक्षात आलंच असेल.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाट आणि थळघाटात विजेवर गाड्या चालवायचं ठरवलं, तेव्हा मालगाड्यांसाठी १९२८ पासून हे इंजिन आलं. त्या वेळी ते ईएफ/१ होतं, पुढे डब्ल्यूसीजी-१ झालं. एकूण ४१ इंजिनं. पहिली दहा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरची, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची. १५०० व्होल्ट डीसी, ताकद सुमारे २६०० अश्वशक्ती. घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे. तिथे गाडीच्या मागे लागून ती वर ढकलायची, हेही याचं काम. मधे उंच केबिन, दोन्ही बाजूंना लांबट बुटकी नाकाडं, खाली चाकांना जोडणाऱ्या दांड्या. उभं असताना कण्हायचं आणि चालताना डुलायचं, म्हणून लोकांनी त्याचा खेकडा केला.

कागदात करायला मी हेच इंजिन का निवडलं? दिसायला गमतीशीर आहे हे झालंच, पण खरं कारण वेगळं आहे. इंजिनाचं वरचं अंग पत्र्याचं असतं. सपाट पत्रा कापायचा, एका दिशेने वाकवायचा आणि रिवेट मारून जोडायचा. कागदही तेवढंच करू देतो. एका दिशेने खुशाल वाकेल, पण एकाच वेळी दोन दिशांना वाकवायला गेलात की चुणी तरी पडेल नाहीतर फाटेल. हे का, ते जर्मन गणितज्ञ गाउसने १८२७ मध्येच गणिताने सिद्ध करून ठेवलंय. त्यामुळे मूळ इंजिन जिथे पत्र्याचं, तिथे कागद आनंदाने बसतो आणि मूळ जिथे ओतीव, तिथे तो रुसतो. नवीन मॉडेल आखताना मी सगळ्यात आधी फोटोवर पेन्सिलीने हेच खुणावतो : हे पत्र्याचं, हे ओतीव. निम्मं डिझाइन तिथेच होतं. खेकडा जवळजवळ सगळा पत्र्याचा आहे. उलट आपलं डब्ल्यूपी घ्या. ते पुढून बंदुकीच्या गोळीसारखं नाक असलेलं वाफेचं इंजिन. त्याच्या नाकासाठी कागदाच्या दहा-बारा पाकळ्या कापून जोडाव्या लागतात आणि तरी कडा दिसायच्या त्या दिसतातच. पहिल्याच मॉडेलला त्या फंदात पडू नका.

आता प्रमाण. इथे आपल्याकडे एक जुनं दुखणं आहे. बाजारात मिळणारे एचओचे, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे. ते युरोपातल्या १४३५ मिलिमीटर गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, १:८७ रूप. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ते १:८७ मध्ये आणलं तर १९.३ मिलिमीटर होतं. मग भारतीय इंजिन एचओच्या रुळावर ठेवलं की अरुंद पाट्यावर बसवलेल्या पाहुण्यासारखं दिसतं. तयार मॉडेलवाल्यांना यातून सुटका नाही. पण आपण शून्यापासून करतोय ना? मग १:८७ चा हट्ट कशाला? १:१०० घ्या. १६७६ चे झाले १६.८. रूळ १६.५ चा. फरक मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहूनही कमी. शिवाय हिशोब तोंडी होतो : मूळचा एक मीटर म्हणजे आपला एक सेंटिमीटर. इंजिन वीसएक मीटर लांब, म्हणजे मॉडेल वीसएक सेंटिमीटर. ए-फोर कागदावर एका बाजूचा आख्खा पत्रा मावतो.

मापं कुठून आणायची? मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक खेकडा उभा आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात दुसरा. दोन्हीकडे जवळून बघता येतो. फोटो काढताना शक्य तितकं लांब जाऊन, झूम करून, बरोबर काटकोनातून काढा. जवळून काढलेल्या फोटोत मधली केबिन फुगते आणि टोकं निमुळती होतात. फोटोत निदान एक माप असं हवं जे तुम्ही स्वतः टेपने घेतलंय. बाकी सगळी त्याच्या प्रमाणात काढता येतात. मग ते सगळं इंकस्केप या चित्र आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये आखायचं. संगणकावर घनाकृती करून आपोआप उलगडून देणारी सॉफ्टवेअरही आहेत. पण ती कडा कुठेही तोडतात. शिवण खऱ्या पत्र्याच्या जोडावरच पडली पाहिजे, हे त्यांना कळत नाही. म्हणून मी हातानेच उलगडतो. अभियांत्रिकी चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला घोटून घेतात ते हेच, फक्त तेव्हा ते कशाला लागतं हे कुणी सांगत नाही.

कागदाच्या जाडीकडे मात्र सगळे दुर्लक्ष करतात. समजा बॉयलर करायचाय, बाहेरचा व्यास २० मिलिमीटर. शाळेतलं गणित म्हणतं, परीघ ६२.८. तेवढी पट्टी कापली की नळी ढगळ होते आणि पुढच्या तोंडाची चकती आत पडते. पाव मिलिमीटर जाडीचा कार्ड असेल तर वाकताना लांबी बदलत नाही ती त्याच्या मधल्या थराची. त्या थराचा व्यास १९.७५, म्हणून पट्टी ६२ ची. अर्धा-पाऊण मिलिमीटर एवढाच हा मामला, पण इंजिन बघणाऱ्याला तो लांबून दिसतो. खेकड्याच्या केबिनचं छप्पर कमानदार आहे, तिथेही हाच हिशोब. चौकोनी खोक्यांना वेगळा नियम : आतल्या सांगाड्याची रुंदी बाहेरच्या मापापेक्षा दोन्ही बाजूंचे दोन कागद वजा करून.

सांगाडा दोन मिलिमीटरच्या ग्रे बोर्डचा, म्हणजे जाड करड्या पुठ्ठ्याचा करा. उभी आडवी पानं, खाचा पाडून एकमेकांत बसवलेली. अंगाला १८० ते २०० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम) कार्ड. कागदाला धागा, म्हणजे तंतूंची एक दिशा असते, हे विसरू नका. कोपऱ्याचे दोन छोटे तुकडे कापा, एक उभा, एक आडवा. दोन्ही वाकवून बघा. जो सहज वाकतो त्याच्या वळणाला समांतर धागा आहे. छपराचा अक्ष त्या धाग्याला समांतर ठेवूनच छापा. घडीच्या रेषेवर रिफिल संपलेलं बॉलपेन पट्टी धरून एकदा ओढायचं, कटर चालवायचा नाही. फेविकॉल टूथपिकच्या टोकावर घेऊन, तोही जेमतेम. जास्त झाला की त्यातलं पाणी कागद पितो आणि सपाट बाजू वाळल्यावर लाटेसारखी होते. कापलेल्या पांढऱ्या कडा जोडण्याआधीच स्केचपेनने रंगवा. नंतर ब्रश तिथे पोचत नाही. रिवेट छापू नका. पाठीमागून बोथट सुईने हलकेच टोचा, पुढे फोड उठते. बाजूने उजेड पडला की मॉडेल एकदम जड दिसायला लागतं.

आता रुसणारा भाग : चाकं. ही ओतीव. इथे एका कागदाने भागत नाही. तीन-चार थरांच्या चकत्या एकमेकींवर चिकटवायच्या आणि आतली एक चकती मोठी ठेवायची, म्हणजे रुळाच्या आतली कडा आपोआप तयार होते. आऱ्यांचा थर वेगळा, सगळ्यात बाहेर. आऱ्यांमधली पोकळी कापताना कटर फिरवू नका, कागद फिरवा. मग चाकावर फेवीक्विकचे थेंब सोडा. कागद तो शोषून प्लॅस्टिकसारखा कडक होतो आणि काचपेपरने घासताही येतो. हे करताना खिडकी उघडी ठेवा. त्या वाफा डोळ्यांना झोंबतात.

दांड्या दिसायला चिंचोळ्या, पण चाकांना जोडल्या की त्यांचं म्हणणं ऐकावंच लागतं. खऱ्या इंजिनात चाकावर दांडी जिथे अडकते त्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या क्रँकमध्ये पाव फेऱ्याचा फरक असतो. दोन्ही एकाच वेळी सरळ रेषेत आले तर दांडीला ढकलायला जागाच उरत नाही. मॉडेल चालणार नसलं तरी हा ९० अंशांचा फरक ठेवा. जाणकार आधी तिथेच बघतो.

खेकड्याची खरी मजा सांध्यात आहे. दोन्ही नाकाडं खालच्या चाकांच्या गाड्यावर, म्हणजे बोगीवर, बसलेली असतात आणि वळणावर तिच्याबरोबर फिरतात. भारतीय ब्रॉडगेजच्या मुख्य मार्गांवर अगदी तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर. १:१०० मध्ये ती पावणेदोन मीटर होते. एवढं मोठं वळण आपल्या टेबलावर मावत नाही. खेळण्यातल्या रुळांचं नेहमीचं वळण ४३८ मिलिमीटरचं. दोन बोग्या ज्यांच्याभोवती फिरतात त्या खुंट्यांत १०० मिलिमीटर अंतर धरलं, तर त्या वळणावर प्रत्येक नाकाड केबिनपासून साडेसहा अंश फिरतं. नाकाड ३० मिलिमीटर रुंद असेल तर त्याचा आतला कोपरा केबिनकडे १.७ मिलिमीटर सरकतो. खऱ्या वळणाच्या प्रमाणात गेलात तर हाच आकडा अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणून मूळच्या फोटोत दिसणारी फट तशीच आखली तर इंजिन पहिल्या वळणालाच अडकेल. दोन मिलिमीटर फट सोडा आणि तिच्यामागे काळ्या कागदाची घडी लावा, डोळ्याला ती कळत नाही. प्रमाण आणि सोय यांचं भांडण झालं तर चालणाऱ्या मॉडेलमध्ये मी सोयीच्या बाजूने असतो. शोकेसमध्ये ठेवणाऱ्यांनी खुशाल उलट करावं.

मगाशी एका चिठ्ठीत विचारलंय, यात मोटार बसेल का? बसेल, पण नाकाडं फिरती असल्यामुळे गियर आणि वायरची कसरत फार, आणि कागदी इंजिन हलकं असल्याने चाकं नुसती घसरतात. त्यापेक्षा मोटार मागच्या वॅगनमध्ये लपवा, तिच्यात शिशाचं वजन टाका आणि इंजिनाची चाकं मोकळी फिरू द्या. घाटात खेकडा वॅगनींना मागून ढकलायचा. इथे वॅगन खेकड्याला ढकलेल, एवढाच फरक.