फुकट ते पौष्टिक

(दृश्य : सांगलीचं मार्केट यार्ड, सकाळ. हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या. सौद्याचा गलका, मग हळूहळू निवेदन.)

इथं पाऊल टाकलं की हळद आधी नाकात जाते, मग डोळ्यांत. हमालांचे पाय, वजनकाटा, अडत्याच्या वह्या, टपरीवरचे चहाचे ग्लास, सगळ्यांवर पिवळा थर. राजापुरी हळदीचा हा मोठा बाजार. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे हे नाव आता कुणीही उठून आपल्या पोत्यावर छापू शकत नाही.

या यार्डापासून रिक्षानं थोड्याच अंतरावर, विश्रामबागेतल्या एका घरी, हळद कुरियरनं आली. साठ कॅप्सूल. काळी डबी, सोनेरी झाकण, इंग्रजी अक्षरं. किंमत शून्य, डिलिव्हरीचे फक्त ४९ रुपये.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं विकलं गेलं, आणि तेही हळद पिकवणाऱ्याच्याच मुलीला.

(दृश्य : घराचा व्हरांडा. झोपाळा. हातात डबी, चेहरा दिसत नाही.)

काकूंचं नाव आम्ही सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. निवृत्त शिक्षिका आहेत. वडिलांची तासगावकडं शेती होती. लहानपणी हळद शिजवण्याच्या काहिलीजवळ बसून अभ्यास केलाय, असं सांगतात.

काकूंचा आवाज : "तेहतीस वर्षं पोरांना सांगितलं, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि मीच न वाचता पिन टाकला बघा."

गुडघे दुखत होते. रात्री झोप लागेना म्हणून फोन बघत पडल्या होत्या. पांढऱ्या कोटातला एक डॉक्टर सांगत होता, हळदीतल्या कर्क्युमिननं सांध्यांची झीज भरून निघते. खाली लाल आकड्यांत घड्याळ उलटं पळत होतं : ऑफर संपायला नऊ मिनिटं. त्याखाली पट्टी, 'सांगलीतून १७ जणांनी आत्ताच मागवलं.'

(दृश्य : मोबाईलचा पडदा. तेच पान पुन्हा उघडलं जातं. घड्याळ पुन्हा दहा मिनिटांवर.)

आम्ही ते पान बंद करून पुन्हा उघडलं. घड्याळ पुन्हा दहावर. चौथ्यांदा उघडलं तेव्हाही सतरा जणच. सांगलीकरांनी रात्रभरात अठराव्यानं मागवायचं नाही असं ठरवलं असावं.

त्या डॉक्टरचं काय? अशा जाहिरातींत कधी भाड्याचा नट असतो, कधी देशातल्या नामांकित डॉक्टरचा चेहरा आणि आवाज संगणकानं जुळवून लावलेला असतो. ओठ आणि शब्द थोडे मागेपुढे होतात, पण रात्री साडेअकराला, चष्मा काढून ठेवल्यावर, हे कुणाला दिसणार?

आता मुख्य जागा. इथं थोडं थांबू.

(दृश्य : पैसे भरण्याचा पडदा. स्थिर. बोटाची सावली.)

नाव, पत्ता, पिनकोड भरून झाला. मोठं हिरवं बटण : 'माझी मोफत डबी पाठवा.' त्याच्या खाली फिकट करड्या अक्षरांत चार ओळी. बटण दाबलं की यूपीआयचं ॲप उघडतं. वरती ४९ रुपये ठळक. खाली 'ऑटोपे', 'दर महिना', 'कमाल १,९९९ रुपये'. त्याखाली पिनचे चौकोन.

काकूंना ४९ दिसले. पिन मात्र त्यांनी खालच्या ओळीलाही दिला.

ऑटोपे २०२० पासून आहे. विजेचं बिल, विमा, म्युच्युअल फंडाचा हप्ता यांसाठी सोयीची गोष्ट. एकदा परवानगी दिली की दर महिन्याला ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे आपोआप जातात. फुकट डबीवाल्याला नेमकी हीच परवानगी हवी असते. ४९ रुपयांत त्याचा कुरियरचा खर्चही निघत नसेल. निघायची त्याला घाईही नाही.

(दृश्य : हरिपूर. नदीकाठची लाल माती. जुन्या पेवाचं तोंड, फरशीनं झाकलेलं.)

हरिपूरच्या बाजूला हळद साठवायची पेवं आहेत. जमिनीखालचे कोठार. २००५ च्या महापुरात यातली कित्येक गेली. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : वरून तोंड एवढंसं, माणूस कसाबसा उतरेल इतकं. आत मात्र पोट हे एवढं, कित्येक पोती रिचवणारं. वरून बघणाऱ्याला खोलीचा अंदाज येत नाही. म्हणून पेव उघडलं की जाणता माणूस लगेच आत उतरत नाही. कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देतो.

४९ रुपयांचं तोंड असंच आहे.

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. तारखांवर पेन्सिलीच्या खुणा.)

मोफत चाचणी चौदा दिवसांची. पण चौदा दिवस कधीपासून मोजायचे? काकूंना वाटलं, डबी हातात आल्यापासून. करड्या ओळींत लिहिलं होतं, ऑर्डर दिल्यापासून. डबी सहाव्या दिवशी आली. राहिले आठ. आणि डबीसोबतच्या चिठ्ठीत काय, तर 'गुण येण्यास किमान तीन महिने नियमित घ्यावे.' म्हणजे गुडघा काही बोलायच्या आत मुदत संपणार, हे हिशेबातच धरलेलं. पंधराव्या दिवशी १,४९९ रुपये गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा १,४९९, आणि दुसरी डबी दारात.

पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी कळवावं लागतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कळवलंही होतं. मेसेज इंग्रजीत, आणि त्यात गोळ्यांच्या कंपनीऐवजी भलत्याच कुठल्या तरी नावाचा उल्लेख, पैसे गोळा करणाऱ्या मधल्या संस्थेचा. त्याच्या वर साडीच्या सेलचा मेसेज, खाली कर्जाच्या ऑफरचा. काकूंच्या फोनमध्ये न वाचलेले मेसेज किती आहेत ते त्यांनी आम्हाला दाखवलं आणि मग फोन पदराखाली घेतला.

शेवटी शेजारच्या पोराला कळलं. पासबुक भरून आणायला गेला होता.

शेजारचा मुलगा : "काकू, हे दर महिन्याला जातंय की! तुम्ही काय लावून ठेवलंय?"

काकूंचा आवाज : "मी कुठं काय लावलंय? फुकट होतं ते."

कंपनीचा नंबर लागत नव्हता. ई-मेल केला तर उत्तर आलं, सीलबंद डबी स्वतःच्या खर्चानं परत पाठवा, मग रद्द करण्याचा विचार होईल. सील तोडल्याशिवाय चाचणी कशी घ्यायची, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

(दृश्य : जुन्या संकेतस्थळांची चित्रं. गडद जांभळी फळं.)

हा काही आपल्याकडचा शोध नाही. अमेरिकेत असाई नावाच्या जांभळ्या फळाच्या गोळ्या अशाच खपवल्या गेल्या : मोफत चाचणी, टीव्हीवरच्या प्रसिद्ध ऑप्रा विन्फ्रीची खोटी शिफारस आणि मग कार्डावर महिन्यामागून महिना. २०१० मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेनं, अशा एका विक्रेत्याला कोर्टात खेचलं. त्याच वर्षाच्या अखेरीस कायदाही झाला : पैसे घेण्याआधी अटी स्पष्ट सांगा, स्पष्ट होकार घ्या, बंद करायची साधी सोय द्या.

आपल्याकडं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. गिऱ्हाइकाला फसवून भलतीकडं नेणाऱ्या तेरा क्लृप्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत. पळतं खोटं घड्याळ त्यात आहे. वर्गणीचा सापळाही आहे, आणि त्याच्या व्याख्येत फुकट वर्गणीसाठी ऑटो डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं हेही स्पष्ट लिहिलंय. काकूंच्या पडद्याचं वर्णन कुणी दिल्लीत बसून लिहावं, तसं. त्याआधी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीही सांगितलं होतं की आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे ग्राहकाची संमती नव्हे. नियम आहेत. रात्री साडेअकराला ते झोपलेले असतात, एवढंच.

(दृश्य : जत तालुका. एसटी स्टँड. कुरियरवाल्याची मोटारसायकल.)

ऑटोपे, कार्ड वगैरे भानगडी जिथं कमी, तिथं सापळा वेगळा. जाहिरातीत फक्त नंबर टाकायचा. लगेच फोन येतो. गोड आवाज, 'डॉक्टरसाहेब बोलतायत.' वजन विचारतात, पोट साफ होतं का विचारतात. नमुना फुकट, म्हणतात. पार्सल येतं तेव्हा कुरियरवाला अठराशे मागतो. घेतलं नाही तर पुन्हा फोन : 'तुमच्या नावानं औषध बनवलंय, वकिलाची नोटीस येईल.' घेतलं आणि मध्येच सोडलं तर, 'कोर्स अर्धवट सोडला तर उलटतं.' अशी नोटीस आलेला माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. मागवलेलं नसेल किंवा सांगितलं त्यापेक्षा जास्त पैसे मागत असतील, तर पार्सल दारातूनच परत करायचं, कुरियरवाल्याशी न भांडता. तो बिचारा पोटासाठी फिरतोय.

(दृश्य : डबी जवळून. लेबलवर भिंग.)

आता डबी वाचू. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत, 'हेल्थ सप्लिमेंट'. त्याखाली, 'औषधी वापरासाठी नाही'. हे छापणं बंधनकारक आहे, म्हणून छापलंय. जाहिरातीतला डॉक्टर गुडघा बरा करत होता, डबी म्हणते मी औषध नाहीच. दोघांत खरं कोण बोलतंय, तर डबी.

जवळच अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक. तो त्यांच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो : कुणाच्या नावावर आहे, चालू आहे का. पण नंबर खरा निघाला तरी हुरळून जाऊ नये. परवाना म्हणजे हे खाद्य विकायची मुभा. गुण येतो याची ती हमी नव्हे. आणि मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब, उंची वाढवणं अशा गोष्टींवर इलाजाची जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, मग माल आयुर्वेदिक असो की आणखी कसला. 'साखर मुळासकट जाईल' असं कुणी जाहिरातीत म्हणाला, तर तिथंच त्याची परीक्षा झाली.

(दृश्य : मिरज. दवाखान्यांच्या पाट्यांची रांग.)

गंमत अशी, की पलीकडं मिरज आहे. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी तिथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून लांबलांबून माणसं उपचाराला मिरजेत येतात. काकूंचे डॉक्टरही मिरजेचेच. नेहमीच्या तपासणीला गेल्या तेव्हा त्यांनी विचारलं, आणखी काही घेता का? काकूंनी पिशवीतून डबी काढली.

काकू रक्त पातळ करणारी गोळी घेतात. कर्क्युमिनचा मोठा डोस त्या गोळीबरोबर घेतला तर रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. शिवाय कर्क्युमिन पोटातून सहज शोषलं जात नाही, म्हणून या कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पाइपरिन घालतात. शोषण वाढतं, त्याबरोबर जोखीमही. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकानं २०२३ मध्ये इशारा दिलाय की हळदीच्या अशा पूरकांनी क्वचित यकृताला इजा होऊ शकते. आमटीतल्या हळदीबद्दल हा इशारा नाही. चमचाभर हळदीत कर्क्युमिन असतं शेकड्याला दोन ते पाच भाग. कॅप्सूलमध्ये त्याचा अर्क दाबून भरलेला असतो. नाव एक, वस्तू दोन.

डॉक्टरांनी डबी बंद करायला सांगितली. रागावले नाहीत, असं काकू दोनदा म्हणाल्या.

(दृश्य : व्हरांडा. शेजारचा मुलगा आणि काकू, फोनवर वाकलेले.)

पहिलं काम परवानगी तोडायचं. पैसे परत मागायचं भांडण त्यानंतर. बरेच जण उलट करतात, महिनाभर कंपनीशी हुज्जत घालतात आणि तोवर पुढचा हप्ता जातो. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे असा विभाग असतो. चालू असलेल्या परवानग्या तिथं दिसतात, तिथूनच रद्द होतात. कंपनीला विचारायची गरज नाही. ॲप काढून टाकलं, नंबर ब्लॉक केला, म्हणून परवानगी मरत नाही. कार्ड दिलं असेल तर बँकेच्या ॲपमधून ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करता येतात. ज्याला परदेशातून काही घ्यायचंच नाही, त्यानं ते बटण कायम बंद ठेवलेलं बरं.

मग पुरावे. जाहिरातीचं पान, करड्या ओळी, मेसेज, ई-मेल, सगळ्याचे स्क्रीनशॉट. पान उद्या गायब झालेलं असतं. बँकेत तक्रार लेखी, पोच घेऊन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. परवानगी न देताच पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता सायबर हेल्पलाइन १९३०. आणि एवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी नाही.

काकूंनी १९१५ ला फोन केला. शिक्षिकाच त्या, तारीखवार टिपण समोर ठेवून बोलल्या. काही आठवड्यांनी एका हप्त्याचे पैसे परत आले. दुसऱ्याचे नाहीत. कंपनीचं म्हणणं, दुसरी डबी तुम्ही फोडलीत.

(दृश्य : तोच व्हरांडा, संध्याकाळ. काका पेपर वाचतायत.)

फोनवरची परवानगी रद्द झाली. मुलगा उठायला लागला, तेव्हा काकू म्हणाल्या, "अरे, यांचाही बघ जरा."

काकांनी पेपर खाली घेतला. "माझा कशाला? मी असलं काही करत नाही."

फोन दिला मात्र. मुलानं ऑटोपे उघडलं, अंगठ्यानं पडदा वर सरकवला आणि गप्प झाला.

काकांच्या फोनात दोन निघाल्या. एक केसांची.

काका उठले, चहा टाकायला आत गेले.

(पडदा काळा.)