संगीत नाटकाची मुळं आपल्या बेळगावात

नमस्कार मंडळी! मराठी संगीत नाटक कुठं जन्मलं, असं कुणालाही विचारा. उत्तर येतं, पुण्यात. ३१ ऑक्टोबर १८८०, आनंदोद्भव नाट्यगृह, 'शाकुंतल'चे पहिले चार अंक. तारीख अगदी बरोबर आहे. पण ते नाटक रचणारा माणूस आपल्या बेळगाव जिल्ह्यातला, गुर्लहोसूरचा. बळवंत पांडुरंग, म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्कर. आणि पुण्यातल्या त्या प्रयोगाच्या चौदा वर्षं आधी, १८६६ मध्ये, त्यांनी बेळगावात स्वतःची नाटकमंडळी काढली होती. भारतशास्त्रोत्तेजक मंडळी. हे नाव आपल्या पोरांना ठाऊक नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्या काळचं नाटक कसं असायचं, सांगतो. रंगमंचावर एका बाजूला सूत्रधार आणि झांजा घेतलेले साथीदार. पदं सगळी तेच म्हणणार. पात्रानं हावभाव करायचे, आणि पद संपलं की सुचेल ते बोलायचं. राक्षसाची एंट्री म्हणजे नुसता दणका! तो आरोळ्या ठोकत यायचा, कुणीतरी मशालीवर राळ उडवायचं आणि भपकन जाळ व्हायचा. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासूनची ही पद्धत. आणि भाव्यांनी तरी ते कशावरून घेतलं? कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या पौराणिक खेळांवरून.

अण्णासाहेबांनी काय केलं? दुष्यंताचं पद दुष्यंताच्याच तोंडी दिलं, शकुंतलेचं शकुंतलेच्या. संवाद लिहून काढले, नटांकडून पाठ करून घेतले. साकी, दिंडी ही मराठी पद्यातली वृत्तं तर घेतलीच, पण चाली घेताना कन्नड पदांकडेही हात लांबवला. त्यांच्याच 'सौभद्र' नाटकातली पदं ऐकताना या कन्नड वळणाकडे जरा कान द्या. घरात मराठी आणि बाजारात कन्नड ऐकत वाढलेल्या माणसालाच हे सुचणार, असं माझं ठाम मत आहे.

बरं, अण्णासाहेब बेळगावात शिक्षकही होते. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे गोविंद बल्लाळ देवल. जरठकुमारी विवाहावर, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्यावर, घाव घालणारं 'शारदा' त्यांचंच, १८९९ चं. एका शाळेतून मराठी रंगभूमीला असे गुरुशिष्य मिळाले!

पुढं १९०८ मध्ये गायक-नट केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श ही नाटकमंडळी काढली, तीही हुबळीत. तिकडे गदगचे कन्नड नाटककार शांतकवी मराठी कंपन्यांचा जोर बघून कन्नड नाटकासाठी कंबर कसून उभे राहिले होते. म्हणजे या पट्ट्यात नाटकाची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालली होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर आपण या बाजूला, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर आणि आजच्या कर्नाटक राज्यात आलो, वाद झाले, अजून आहेत. पण नाटक थांबलं नाही. २०१५ मध्ये ९५ वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बेळगावातच भरलं, अध्यक्ष होत्या गायिका-अभिनेत्री फैय्याज.

आता एक काम तुमच्याकडे. आजोबांच्या ट्रंकेत नाटकाची हँडबिलं, गणपतीतल्या गल्लीच्या नाटकाचे फोटो, हातानं उतरवलेल्या संवादांच्या नकला असतील. वाळवी लागायच्या आत बाहेर काढा. मोबाईलवर नीट फोटो घ्या, आणि जुन्या फोटोत कोण कोण आहे ते आजीला विचारून त्याच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवा. पेननं नको, शाई फुटते.